चेहरा झाकून नेलेला माणूस

आधी क्षमा मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. बडोदे शहर पोलिसात मी बारावी पास शिपाई म्हणून लागलो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत पंचनामे, जबाब आणि स्टेशन डायरी सोडून काही लिहिलं नाही, आणि तेही सगळं गुजरातीत. वडील रेल्वेत खलाशी होते, जळगावकडून इकडे आलेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही केस पिकल्यावर. नोकरीत असताना बाहेरून बी.ए. केलं आणि आता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. त्यांच्यातल्या एका मुलीने आग्रह केला, "काका, एखादी केस लिहा ना, तुम्ही सोडवलेली."

सोडवलेल्या केसेस आहेत दोन-चार. पण लिहायला बसलो की त्या मागे राहतात आणि एकच प्रसंग पुढे येतो, जो इतक्या वर्षांत पुसला गेला नाही. तो सांगताना मान वर होत नाही. तरी सांगतो. कुणाचंही नाव घेणार नाही.

मे महिना होता. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये तांब्याच्या तारेची भेंडोळी ठेवलेली असत. संध्याकाळी पाळी सुटली, कंपनीची बस गेली आणि दिवे लागायच्या आधी कुणीतरी भिंतीवरून आत उतरलं. वॉचमनने हटकलं तेव्हा त्याच्या तोंडावर लोखंडी पाइप बसला. तांबं टेम्पोतून गेलं. वॉचमन वाचला, पण त्याचा डावा डोळा कायमचा गेला. तो माझ्याच वयाचा, खानदेशातला. दवाखान्यात मी त्याचा जबाब घ्यायला गेलो तेव्हा मराठी ऐकून तो रडला.

मालक वजनदार होते. वरून विचारणा सुरू झाली. ठाण्यातल्या डी-स्टाफला, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या आमच्या पथकाला, साहेबांनी बाकीची कामं बाजूला ठेवायला लावली. दोन-तीन दिवसांत बातमी आली. वसाहतीच्या फाट्यावर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारा एक जण आमचा खबरी होता. त्याने सांगितलं की त्याच कारखान्यातल्या एका वेल्डरला कंत्राटदाराने काढून टाकलं होतं आणि तो लारीवर उभा राहून मालकाला शिव्या देत होता. खबरीबद्दल माझा एक अनुभव आहे. पोलिसाला कुठलं नाव हवं आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळतं, आणि तो तेच नाव आणून देतो.

वेल्डरला उचलला. तिशीच्या आतला, दाहोदकडचा, किडकिडीत. बायको आणि लहान मुलीबरोबर तो तरसालीकडे एका खोलीत राहायचा. चौकशीत तो एकच वाक्य बोलायचा, "साहेब, हुं तो घरे हतो." मी तर घरी होतो. साहेबांनी विचारलं, कोण साक्षीला? तो म्हणाला, बायको. साहेब हसले, "बायको तर सगळ्यांचीच साक्षीला असते."

गुन्हा केलेला माणूस बहुधा गोष्ट तयार ठेवतो. कुठे होतो, काय खाल्लं, कोण भेटलं, सगळं न विचारता सांगतो. या पोराकडे गोष्टच नव्हती. हे मला तेव्हाही जाणवलं होतं, पण मी हवालदार होतो आणि हवालदाराला काय जाणवतं हे कुणी विचारत नाही. चोरीचं तांबंही मिळालं नाही. मग सगळा भार आला ओळख परेडीवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सात-आठ माणसांच्या रांगेत उभं करतात आणि साक्षीदाराने त्यातून त्याला ओळखायचं. आमच्याकडे हे काम मामलतदार करतात, त्यांच्या कचेरीत. पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. आणि परेड होईपर्यंत साक्षीदाराच्या नजरेस संशयिताचा चेहरा पडू द्यायचा नाही, म्हणून त्याला तोंडावर काळा बुरखा घालून नेतात.

त्या दिवशी त्याला लॉकअपमधून मामलतदार कचेरीत नेण्याच्या जाप्त्यात, म्हणजे पहाऱ्यात, मी होतो. बुरखा मी स्वतः तपासला. कापड उन्हाकडे धरून पाहिलं, कुठे विरलेलं तर नाही ना. जीपच्या मागच्या काचेला वर्तमानपत्र लावलं. वॉचमनला दुसऱ्या फाटकाने आणायची व्यवस्था केली. सगळं चोख. कचेरीच्या आवारात जीप थांबली, तो खाली उतरला आणि एकदम उड्या मारायला लागला. डांबर तापलेलं होतं आणि त्याच्या पायात काही नव्हतं. लॉकअपमध्ये घालताना पट्टा, नाडी आणि चपला काढून घेतात. सगळ्यांच्याच घेतात. त्याच्या चपला ठाण्यात बाकाखाली राहिल्या होत्या.

बुरख्याच्या आतून तो म्हणाला, "साहेब, मारां चंपल?"

मी म्हणालो, "पछी आपशुं. चाल, भाई, चाल." नंतर देऊ.

दाराशी त्याला कचेरीच्या शिपायाच्या ताब्यात दिलं आणि आम्ही बाहेर निंबाखाली थांबलो. नंतर कळलं त्याप्रमाणे आत मामलतदारांनीही कसूर केली नाही. कचेरीत दाखल्यांसाठी आलेल्या लोकांतून त्याच्या उंचीची, त्याच्या रंगाची, तशीच दाढी वाढलेली माणसं निवडली. अंगात सगळ्यांच्या साधे शर्ट. वॉचमनने रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि सरळ जाऊन वेल्डरच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या लवकर ओळख पटलेली परेड मी ऐकली नव्हती. ठाण्यात पेंडा, म्हणजे आपला पेढा, वाटला गेला. मीही खाल्ला.

आता वकीलसाहेबांबद्दल. खरं तर ही आठवण त्यांचीच आहे.

ते सत्र न्यायालयात सरकारी वकील होते. नागरवाड्यातलं जुनं मराठी घराणं, आजोबा संस्थानात मोठे अधिकारी. साहेब मात्र खटारा स्कूटरवर यायचे आणि काळा कोट डिकीतून काढून झटकून घालायचे. दुपारी कोर्टाबाहेरच्या लारीवर आमच्याबरोबर उभं राहून सेवउसळ खायचे आणि तिखट तर्री मागून घ्यायचे. मला जमादार म्हणायचे, इथे हवालदाराला तसंच म्हणतात. साक्षीला उभं राहण्याआधी आम्हा पोलिसांना सांगायचे, "जमादार, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. कोर्टाला हुशार पोलीस आवडत नाही."

"मग साहेब, मी तर कोर्टाचा लाडका," मी एकदा म्हणालो. ते इतके हसले की ठसका लागला.

वेल्डरचा खटला त्यांच्याकडे आला. त्याच्या बाजूने कायदेशीर मदत केंद्राने दिलेला नवखा वकील होता. त्याने वॉचमनला उजेड किती होता, अंतर किती होतं, असं बरंच विचारलं, पण परेडीबद्दल काहीच नाही. साहेबांचा युक्तिवाद ऐकायला त्या दिवशी मुद्दाम बार रूममधून वकील येऊन उभे राहिले. वॉचमनच्या बसलेल्या डोळ्याकडे बोट करून साहेब म्हणाले, "माणूस आपलं नुकसान विसरेल, पण ज्याने डोळा नेला त्याचा चेहरा उरलेला डोळा विसरत नाही." दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात आलं. वेल्डरला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. निकाल ऐकून त्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसून राहिली. ठाण्यात बाकाखाली पडलेल्या त्याच्या चपला तिने आधीच पिशवीत घालून नेल्या होत्या.

तो निकाल ऐकायला कारखान्याचे मालकही आले होते. साहेबांचं बोलणं त्यांना इतकं आवडलं की कंपनीचं एक प्रकरण त्यांनी साहेबांना देऊ केलं. मग दुसरं आलं. वर्षभरात साहेबांनी सरकारी काम सोडलं. भागीदारांची भांडणं, मालाच्या करारांचे दावे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे वाद, असं सगळं ते चालवू लागले. अलकापुरीत काचेची केबिन झाली, स्कूटर जाऊन गाडी आली. कधी भेटले तर म्हणायचे, "इथे बरं आहे, जमादार. हरलं तर अपील, जिंकलं तर जेवण. कुणी तुरुंगात जात नाही." लारीवरची सेवउसळ तेवढी सुटली नव्हती. ड्रायव्हर गाडीत बसलेला आणि साहेब बाहेर उभे राहून खातायत, असं दिसायचं.

अशी काही वर्षं गेली. वेल्डरचं अपील हायकोर्टात पडून होतं, जामीन मिळाला नव्हता. मी निवृत्तीला आलो होतो. एक दिवस साहेबांचा फोन आला.

"जमादार, आज ऑफिसात याल? वर्दी नको."

आवाज नेहमीचा नव्हता. गेलो तर केबिनमध्ये तोच वॉचमन बसलेला. मालकांनी त्याला दया म्हणून फाटकावर गाड्यांची ये-जा पाहायला ठेवलं होतं. कंपनीचा एका ट्रान्सपोर्टवाल्याशी दावा चालू होता. गाडी कुणी आणली आणि कुणी नेली, याचा तो साक्षीदार होता. त्याची तयारी करून घ्यायला साहेबांनी बोलावलं होतं.

"काका," साहेब त्याला म्हणाले, "मघाशी मला जे सांगितलंत ते यांना सांगा."

वॉचमन माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला. "काही नाही हो. साहेब म्हनाले, तुमची नजर पक्की, त्या येळेला चेहरा बरोबर ओळखला. म्या म्हनलं, कशाची नजर! अंधार पडत आला होता, पाइप बसला अन् सगळं लाल झालं. चेहरा कुठं दिसला?"

"मग परेडीत?" मी विचारलं.

"तिथं काय अवघड होतं? आठ जन उभे. सगळ्यांच्या पायात बूट नाहीतर चपला. एक गडी अनवानी, अन् एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभा. म्हनलं, पोलिसांनी आनलेला हाच."

आमचे चेहरे पाहून वॉचमन घाबरला.

"माझं काही चुकलं का? पोलीस काय उगाच कोनाला आनतील? तुमीच आनला होता ना?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जमादार, त्याच्या चपला कुठे होत्या?"

"लॉकअपबाहेर, बाकाखाली."

"आणि नेताना?"

"तिथेच. साहेब, नियम आहे, लॉकअपमध्ये चपला—"

"नियम मला नका सांगू. मी नियमांवरच पोट भरलंय." मग माझ्याकडे न बघता, "ते उरलेल्या डोळ्याचं वाक्य मी आदल्या रात्री आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. परेडीचा कागद एकदा वाचला आणि बाजूला ठेवला. काका साक्षीला उभे राहिले तेव्हा एक साधा प्रश्न विचारायचा होता, कशावरून ओळखलंत? नाही विचारला. उत्तर छान येत असताना कोण विचारतो?"

मला त्या क्षणी तापलेलं डांबर आठवलं. मामलतदारांना त्याचे पाय तसे पाहायला मिळालेच नाहीत. त्यांच्यासमोर तो फरशीवर गपचूप उभा होता. त्याला उड्या मारताना मी पाहिलं होतं, आणि त्याने मला विचारलंही होतं. चेहऱ्याला मी एवढा जपलो की पायांनी तो उघडा पडतोय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हे मी साहेबांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे लिहून द्याल? प्रतिज्ञापत्रावर?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "द्या. रिटायरमेंटचा हार घालताना मान तरी वाकेल नीट." ठाण्यातल्या साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. "जवा दो ने, जाऊ द्या. तुमची पेन्शन तोंडाशी आलीय. खटला तुम्ही चालवला होता का? वकिलाला पश्चात्ताप झाला असेल तर त्याने काशीला जावं." मी म्हणालो, विचार करतो. विचार असा काही केला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली, कारण आणखी एक दिवस थांबलो असतो तर कदाचित केली नसती.

वकीलसाहेबांचं जास्त अवघड होतं. वॉचमनचा पगार मालक देत होते आणि साहेबांची फीसुद्धा. साहेब वॉचमनला म्हणाले, "काका, हे तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल. नोकरी जाऊ शकते. मी जबरदस्ती करणार नाही." वॉचमनने बराच वेळ उरलेला डोळा चोळला आणि विचारलं, "त्याला पोरं किती?" "एक मुलगी." "मंग सांगतो."

साहेब मालकांना भेटायला गेले, तेव्हा मला बाहेर बसवलं होतं. दार अर्धवट उघडं होतं. मालक रागावले नव्हते, तेच वाईट होतं. ते समजावत होते. "साहेब, जूनुं शुं काम उखेळो छो? जुनं कशाला उकरता? माणूस पाच वर्षं आत बसला, दोन आणखी बसेल. तुमचं नाव केवढं झालंय, त्यावरच डाग?"

"नाव त्याच केसने झालं, शेठ," साहेब म्हणाले. "म्हणूनच." कंपनीच्या सगळ्या फाइली त्यांनी बरोबर आणल्या होत्या. त्या तिथेच ठेवून ते बाहेर आले.

ज्या आरोपीविरुद्ध आपण सरकारतर्फे उभे राहिलो त्याचं वकीलपत्र घेता येत नाही. म्हणून साहेबांनी हायकोर्टातली एक तरुण वकीलबाई शोधली आणि तिला सगळे कागद दिले. अपिलात जादा पुरावा घ्यावा असा अर्ज झाला. साहेबांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडलं. त्यात शेवटी लिहिलं होतं की, सरकारी वकील म्हणून जो प्रश्न विचारणं माझं कर्तव्य होतं तो मी विचारला नाही. अहमदाबादला सुनावणी झाली तेव्हा ते मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. कोट नव्हता. आयुष्यभर ज्या जागी ते उभे राहून बोलले तिथे दुसरं कुणी बोलत होतं आणि त्यांचंच लिहिलेलं मोठ्याने वाचलं जात होतं. पुढच्या रांगेतले वकील वळून पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

जबाब नोंदवायला वॉचमनला परत बोलावलं. त्याने जे केबिनमध्ये सांगितलं तेच सांगितलं, त्याच हसऱ्या, बावरलेल्या तोंडाने. पुढच्याच महिन्यात त्याची नोकरी गेली. साहेबांनी त्याला आपल्या ऑफिसात दारावर ठेवलं. त्यानंतर निकाल राखून ठेवला गेला आणि आम्ही वाट पाहू लागलो. दरम्यान मी निवृत्त झालो. बायको म्हणाली होती तशी मान वाकली.

वाट पाहण्याच्या त्या काळात एकदा मी वेल्डरच्या घरी गेलो. का गेलो, सांगता येत नाही. बायको आता शाळेत पोळ्या लाटायचं काम करत होती. मी कोण हे सांगितलं. मला वाटलं, ती दार लावेल. मी उंबऱ्यावरच उभा होतो. तिने खुर्ची पुसून दिली, चहा टाकला, आणि मुलीला हाक मारली, "बेटा, पगे लाग. आ साहेबे पप्पा माटे सही करी छे." पाया पड, या साहेबांनी पप्पांसाठी सही केलीय.

मुलगी आठ-नऊ वर्षांची. ती वाकली. मी बूट काढलेच नव्हते. तिचे हात बुटांपर्यंत आले आणि मी पाय मागे ओढले, इतक्या जोरात की खुर्ची सरकली आणि पोर दचकली. तिची आई विचारायला लागली, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, पाय दुखतोय. एवढी लाज मला कोर्टातही वाटली नव्हती. शिवी दिली असती तर ती सहन झाली असती.

गेल्या आठवड्यात कॉलेजात पुराव्याच्या कायद्याचा तास होता. आमच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. ओळख परेड शिकवत होत्या. रांगेतली माणसं संशयितासारखी हवीत, उंची, बांधा, रंग, वय. मुलं लिहून घेत होती. मी हात वर केला. मी वर्गात फारसा बोलत नाही, भीती वाटते.

"मॅडम, पायातलंही."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका बाटाची जाहिरात करतात." वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मला राग आला नाही. मीही त्यांच्या वयात हसलो असतो. चौकट आखून दिली की माणूस चौकटीतच बघतो. चेहरा झाका असं सांगितलं तर चेहराच झाकतो. मी तीस-पस्तीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलं असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं. पण एका माणसाने बुरख्याच्या आतून मला एक साधी गोष्ट विचारली होती आणि मी तिला प्रश्न मानलं नाही, कटकट मानली. या केसने मला एवढंच शिकवलं. तो लोखंडी पाइप मारणारा चोर कोण होता, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

तास संपवून बाहेर आलो तर फोनवर साहेबांचे चार मिस्ड कॉल. पार्किंगमध्ये उभं राहून लावला.

"सुटला, जमादार," ते म्हणाले. "आदेश काल आला होता. आज दुपारी जेलच्या दारावर मी गेलो होतो. लांबच उभा राहिलो. पुढे जायची हिंमत झाली नाही."

"बायको आली होती?"

"आली होती, मुलीला घेऊन. तिने पिशवीतून चपला काढल्या. त्याच, तेव्हाच्या. पुसून त्याच्यासमोर ठेवल्या."

"मग?"

लारीवरचा आवाज येत होता, कुणीतरी तर्री मागत होतं.

"त्याने पायात नाही घातल्या. हातात घेतल्या, आणि तसाच रिक्षात जाऊन बसला."